राजिवड्याची चिनी

माझ्या आईचं शेवटपर्यंत ठाम मत होतं की चिनी शिकल्यामुळेच माझं लग्न लांबलं. पाहायला येणाऱ्या मंडळींना ती सांगायची, ‘मुलगी यंदा बी.ए. होईल, विणकाम येतं, पेटी वाजवते.’ आणि मी मध्येच तोंड घालायची, ‘आणि चिनी बोलते.’ मग चहा गार होईपर्यंत कुणी काही बोलत नसे. पेटी मला अजिबात येत नव्हती. चिनी मात्र येत होती, निदान माझी आणि सरांची तशी पक्की समजूत होती.

सर आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. म्हणजे काय, उरकायचे. राजामागून राजा असा भराभर मारून टाकायचे की आम्हाला वहीत नावं लिहायलाही फुरसत मिळत नसे. तास संपायला थोडा वेळ राहिला की पाठ फिरवून फळ्यावर चिनी अक्षरं काढत उभे राहायचे. मागच्या बाकांवरून ‘मास्तर, चाऊमाऊ!’ अशी आरोळी यायची. सर न वळता म्हणायचे, ‘उच्चार चुकला.’

त्यांची हकिकत सगळ्या गावाला ठाऊक होती. तरुणपणी ते बंगालातल्या एका विद्यापीठात चिनी भाषा आणि वाङ्मय शिकायला गेले. तेव्हा दोन्ही देश गळ्यात गळे घालून हिंडत होते, चिनी येणाऱ्याला पुढे सोन्याचे दिवस आहेत असं जो तो सांगायचा. सर परीक्षेत पहिले आले आणि पाठोपाठ बासष्टचं युद्ध झालं. झालं, संपलं! त्यांना शिकवणारे चिनी गुरुजी देश सोडून गेले, बरोबरची मुलं पांगली, सर ट्रंक उचलून रत्नागिरीला आले. घरी चौकशीला साध्या कपड्यांतली दोन माणसं येऊन बसली, चहा पिऊन गेली. ती काही वाईट वागली नाहीत, पण सरांनी दुसऱ्याच दिवशी रेडिओ विकून टाकला. हा पेकिंग ऐकतो असं कुणी म्हणायला नको. पुढे दिवस पालटले, घरोघरी ट्रान्झिस्टर आले, तरी त्यांनी रेडिओ काही घेतला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘रेडिओ बोलतो गो, ऐकत नाही. मला ऐकणारं कुणी हवंय.’

खाडीवरच्या राजिवड्याला उतरणारी एक पाखाडी होती, चिऱ्याच्या पायऱ्यांची. तिच्या मध्यावर चाचींचं आवार. चाचींचे दोन्ही मुलगे कुवेतला, नवरा कधीचाच गेलेला. आवारातल्या मागच्या दोन खोल्यांत सर भाड्यानं राहायचे. लग्न केलं नव्हतं. संध्याकाळ झाली की खुर्ची दारात ओढून, पुस्तक डोळ्यांसमोर धरून चिनी मोठ्यानं वाचायचे. मोठ्यानं म्हणजे चांगलं खणखणीत, पार खालच्या होड्यांपर्यंत जाईल असं. चाची म्हणायच्या, ‘मास्तर वाचाय लागले की माझ्या कोंबड्या आपसूक खुराड्यात जातात. मला घड्याळ कशाला हवं?’

वाचून झालं की ते आपल्याशीच बोलायचे. प्रश्न एका खुर्चीत बसून, उत्तर दुसऱ्या खुर्चीत बसून. आणि लिहायचं झालं तर कुंपणाच्या भिंतीवर. नारळाचं सोडण ठेचून त्याचा कुंचला करायचा, बादलीतल्या पाण्यात बुडवायचा आणि भिंतीवर ओळच्या ओळ ओढायची. मे महिन्यात चौथं अक्षर काढेपर्यंत पहिलं वाळून जायचं. जुलैत अख्खी भिंतच ओली, तेव्हा काही दिसायचंच नाही, तरी लिहायचे. मी म्हटलं, ‘सर, कागद काय महाग झालाय?’ तर म्हणाले, ‘कागदावरचं कुणी वाचलं नाही तर वाईट वाटतं. हे वाळून तरी जातं.’

मी त्यांच्या तावडीत सापडले ती हसण्यापायी. कॉलेजच्या फळ्यावर एक दिवस सूचना लागली, ‘चिनी भाषेचा वर्ग, विनामूल्य.’ आम्ही मैत्रिणी निव्वळ मजा बघायला गेलो. सरांनी एक वाक्य म्हटलं आणि मला हसू आवरेना. सर म्हणाले, ‘हसलीस ती उभी राहा. म्हण आता.’ मी म्हटलं, जसंच्या तसं, त्यांच्या आवाजासकट. वर्ग खिदळला. सर मात्र चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘अगो, तुला कान आहे.’ तोवर घरात मला नाक आहे, जीभ आहे आणि ती फार चालते, एवढंच मी ऐकलेलं. कान आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. पंधरवड्यात बाकीची मंडळी गळाली आणि वर्गात मी एकटी उरले.

मग वर्ग भरायला लागला भाट्याच्या पुळणीवर. सरांचं म्हणणं असं की चिनी ही पुटपुटायची भाषा नाही, तिचे चार स्वर असतात आणि ते उघड्यावर लावावे लागतात. स्वर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, तेव्हा घोटा. सुरूच्या झाडांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून आम्ही दोघं ओरडायचो. पहिला स्वर सरळ आणि लांब, पलीकडच्या काठावरच्या तरवाल्याला हाक मारतो तसा. दुसरा वर चढणारा, दार वाजलं की आपण आतून ‘कोऽण?’ विचारतो तसा. तिसरा खाली बुडून वर येणारा, कोळणीनं भाव सांगितला की ‘हो काऽऽ?’ म्हणतो तसा. आणि चौथा म्हणजे कुत्र्याला ‘हाड!’ फिरायला आलेली माणसं आम्हाला वळसा घालून जायची. एकदा सर ‘हाड’चा स्वर घोटत असताना खरंच एक कुत्रं उठून चालतं झालं. सर इतके खूश झाले की त्या दिवशी मला लवकर सोडलं.

दोन वर्षांत मी बोलायला लागले. काय काय बोलायचो आम्ही! पेजेत मीठ कमी पडलं इथपासून ते प्राचार्यांच्या टोपीपर्यंत. बाजारात, गर्दीत, लोकांच्या तोंडावर त्यांच्याविषयी बोलायचं आणि चेहरा साळसूद ठेवायचा. सरांना तर इतकी वर्षं तुंबलेलं सगळं सांगायचं होतं. सकाळी भेटले की आधी चिनीत विचारायचे, ‘जेवलीस का?’ चीनमध्ये एकमेकांना भेटल्यावर असंच विचारतात म्हणे. ‘बघ,’ ते म्हणायचे, ‘चाची विचारतात तेच. उगीच लोक म्हणतात लांबचा देश.’

तरी एक शंका त्यांना होती. ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली, पुळणीवरून परत येताना. ‘मी बोलतो ते तुला कळतं, तू बोलतेस ते मला कळतं. पण तुला शिकवलं मीच. मी बोलतो ती चिनी खरी आहे की नाही, हे सांगणारं माणूस मला बासष्टपासून भेटलेलं नाही.’ मी म्हटलं, ‘काहीतरीच काय सर!’

त्या वर्षी थंडीत आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबनं मुंबईहून एक चिनी सिनेमा मागवला. इंग्रजीचे एक तरुण प्राध्यापक हौसेनं हे सगळं करायचे. रिळं एस.टी.नं आली, हॉलमध्ये पडदा लागला, दुपारी तपासायला म्हणून सुरुवात लावून बघितली तर खाली इंग्रजी अक्षरं नाहीत! नुसते चिनी बोलतायत. प्राध्यापकांचा चेहरा पडला. मग कुणाला तरी आठवलं, अरे, सर आहेत की! सर पडद्याशेजारी उभे राहतील आणि चाललंय ते मराठीत सांगतील. गावात बातमी पसरली. चाची बुरखा घालून शेजारणींना घेऊन आल्या. माझी आईसुद्धा आली, ‘बघू तरी काय शिकतेस’ म्हणून. सरांनी इस्त्रीचा कोट घातला होता. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवात झकास झाली. नदी, होडी, म्हातारा नावाडी, त्याची नात. म्हातारा एकेक शब्द सावकाश बोलायचा आणि सर खड्या आवाजात सांगायचे, ‘नावाडी म्हणतो, पाणी चढलंय.’ पाणी पडद्यावर दिसतच होतं, लोक माना डोलवायचे. मग नातीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि पडद्यावरचे सगळे एकदम बोलायला लागले, भांडायला लागले. सर गप्प. ते पडद्याकडे बघतायत, कान पुढे करून, तोंड अर्धवट उघडं. मीही कान टवकारले. मला एक शब्द कळेना. मला वाटलं, माझंच कच्चं. मागून आवाज आला, ‘सर, पुढे काय?’ आणि सरांनी कोटाचं बटण हातात धरलं आणि बोलायला सुरुवात केली.

वर्गात एखादा राजा विसरला की ते असंच बटण धरायचे. मी समजले. ते आता मनचं सांगत होते.

पण काय सांगत होते हो! नातीला सासरी जायचं नाही, कारण आजोबाशी बोलायला घरात दुसरं कुणी नाही. आजोबा वरवर म्हणतो जा, आणि रात्री होडीशी बोलत बसतो. आणि मग घोटाळा झाला. सर म्हणाले, ‘नावाडी आता लग्नाचा बाजार करायला तालुक्याला गेला.’ तेवढ्यात पडद्यावर त्याच नावाड्याला पेटीत घालून लोक खांद्यावरून न्यायला लागले. प्रेक्षागृहात कुजबुज. ‘हा,’ ते म्हणाले, ‘त्याचा जुळा भाऊ.’

शेवटपर्यंत तो भाऊ त्यांनी निभावला. दिवे लागले तेव्हा चाची बुरख्याच्या टोकानं डोळे पुसत होत्या. माझी आई म्हणाली, ‘हुशार आहेत हो तुझे सर.’ त्या जुळ्या भावाची चाचींना पुढे आठवडाभर हळहळ वाटत होती, ‘बिचारा, त्याचा कुणी नावपण नाय घेतला आधी.’

पाखाडी उतरताना सर माझ्याबरोबर होते. कोटाचं बटण अजून चाचपत होते. मग म्हणाले, ‘फार भरभर बोलतात. दक्षिणेकडचे असणार.’ मी म्हटलं, ‘असतील.’ थोड्या पायऱ्या उतरल्यावर म्हणाले, ‘रिळंही जुनी होती.’ मी म्हटलं, ‘होय सर.’ खाली चाचींच्या दाराशी ते थांबले आणि चिनीत म्हणाले, आमच्या त्या चिनीत, ‘मला काही कळलं नाही.’

त्यानंतर त्यांचं संध्याकाळचं वाचन बंद झालं. चाचींच्या कोंबड्या अंधार पडला तरी आवारात हिंडायच्या. चाची मला म्हणाल्या, ‘मास्तरांना बोलायला सांग गो पोरी. घर कसं सुनं सुनं झालंय.’

मी बी.ए. झाले आणि घरात महाभारत करून दिल्लीच्या एका विद्यापीठात चिनी शिकायला जायचं ठरवलं. परीक्षा दिली, नाव लागलं. सर्वांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर सरांना. पण त्या आनंदात दुसरंही काही होतं, ते मला कॅसेट हातात आली तेव्हा उमगलं.

तेव्हा आमच्याकडे गल्फला माणूस असलेल्या घरात पत्रापेक्षा कॅसेटचं चालायचं. अख्खं घर टेपरेकॉर्डरभोवती बसून एकेक बोलायचं, म्हातारी खोकायची, पोर रडायचं, कोंबडा आरवायचा, सगळं त्यात. मग गावात रजेवर आलेला कुणी परत जाताना त्याच्याबरोबर ती कॅसेट कुवेतला रवाना. चाचींकडे महिन्या-दोन महिन्यांनी अशी कॅसेट यायची आणि जायची. सरांनी चाचींचा तो टेप मागून घेतला. दार लावून दोन दिवस बसले. चाची दाराला कान लावून मला सांगायच्या, ‘परत बोलाय लागलेत!’

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती कॅसेट माझ्या हातात दिली. ‘तिथे कुणीतरी खरं चिनी माणूस असेल शिकवायला. त्याला ऐकव. फक्त एवढंच विचार, कळतं का. चांगलं आहे का, वाईट आहे का, ते नको. कळतं का.’ आणि मग बोट उगारून, ‘आणि मला येऊन खोटं सांगायचं नाही. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही. शपथ घे.’ मी घेतली.

दिल्लीत आम्हाला शिकवायला बाई होत्या. लहानपणी आईवडिलांबरोबर चीनमधून आलेल्या, केस पांढरे, हिंदी आपल्या दुधवाल्यासारखी फर्डी. पहिल्या तासाला त्यांनी विचारलं, कुणाला थोडंफार येतं का? सगळी मुलं कोरी. मी ऐटीत हात वर केला, उभी राहिले आणि सुरू झाले. माझं नाव, माझं गाव, माझे सर, समुद्र. मध्ये एकदाही अडले नाही. बाई डोकं एका बाजूला कलवून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, ‘बेटी, ये कौन-सी बोली है?’

वर्ग हसला. अहो, मी दोन वर्षं घसा फोडून ओरडले होते! मला रडूच फुटलं. बाई गडबडल्या, खडू पुढे केला, म्हणाल्या, लिहून दाखव. मी लिहिलं. आणि बाई उठून फळ्याजवळ आल्या. अक्षरं जुन्या वळणाची, अलीकडे चीनमध्ये कुणी काढत नाही तशी. ‘माझे वडील असं लिहायचे,’ त्या म्हणाल्या. त्यांनी ओळ वाचली, आणि मी जे बोलले होते तेच त्यांच्या तोंडून आलं, पण वेगळं, मला ओळखू येणार नाही इतकं वेगळं. सरांनी लिहायला शिकवलं होतं त्यात काडीची चूक नव्हती. बोलायला शिकवलं होतं ते मात्र चीनमध्ये कुठेच बोलत नव्हते. सर शिकले तेव्हा त्यांचं बरोबरच असणार. पण पंचवीस वर्षं ते एकट्यानं बोलत राहिले, कानावर रत्नागिरी, आणि रत्नागिरीचा हेल हळूहळू चिनीवर चढत गेला. तरवाल्याची हाक, कोळणीला ‘हो का’, कुत्र्याला ‘हाड’. सगळं आमचं होतं.

कॅसेट मी महिनाभर ट्रंकेतून काढलीच नाही. मग एका दुपारी बाईंच्या खोलीत जाऊन लावली. सरांचा आवाज आला, मागे कोंबड्या. बाई ऐकत राहिल्या. जरा वेळानं त्यांनी मान हलवली. ‘एखादा शब्द लागतो. बाकी नाही. काय म्हणतायत?’

मग मी सांगायला लागले. आधी हिंदीत, अडलं तिथे इंग्रजीत. ते म्हणतायत, माझ्या घरासमोर खाडी आहे. ते म्हणतायत, आज बांगडा आणला, पण एकट्यासाठी एवढं कोण तळत बसणार. ते म्हणतायत, माझे गुरुजी जाताना मला म्हणाले होते, रोज बोलत जा, नाहीतर विसरशील. म्हणून मी रोज बोलतो. ते म्हणतायत, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण कुणी न विचारता इतका वेळ बोललो त्याबद्दल माफ करा, माझं बरंच साठलं होतं.

सगळी कॅसेट मला कळत होती, शब्द न् शब्द. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, ‘कोरी कॅसेट आहे का तुझ्याकडे?’

वर्ष कष्टात गेलं. माझे स्वर काढून टाकून नवे बसवायला बाईंना जेवढा त्रास झाला तेवढा कोऱ्या मुलांना शिकवताना झाला नाही. मी बोलले की त्या टेबलावर पेन्सिल आपटायच्या, ‘फिर से.’ होस्टेलच्या गच्चीवर जाऊन मी घोटायची. वाङ्मय वाचलं, सिनेमे पाहिले. एकदा तोच नावाड्याचा सिनेमाही दाखवला. जुळा भाऊ वगैरे कुणी नव्हता. नात खुशीत लग्न करते, आजोबा म्हातारपणानं मरतो, बस्स. मुलं म्हणाली, कंटाळवाणा आहे. मी म्हटलं, आमच्या गावी याहून चांगला दाखवला होता. कुणाला काही समजलं नाही आणि मला एकदम घरची फार आठवण आली.

मे महिन्यात घरी आले. आईच्या हातचं जेवून थेट पाखाडी उतरले. सर दारात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले, आणि जेवलीस का विचारायचंही विसरले. ‘ऐकवलीस?’

‘होय सर.’

‘कळलं?’

शपथ घेतली होती. ‘नाही कळलं, सर. बाई म्हणाल्या, लिहिणं फार सुंदर आहे. बोलणं कळत नाही.’

सर खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ‘अजिबात नाही?’

‘एखादा शब्द. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तुम्हाला उत्तर पाठवलंय.’

चाचींच्या पडवीत टेप लावला. बाईंचा आवाज आला, सावकाश, शब्द तोडून तोडून, सरांसाठी मुद्दाम. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच चीनमधलं माणूस सरांशी बोलत होतं. सर डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत होते. चाची कुजबुजल्या, ‘बाईचा आवाज गोड हाय.’ संपल्यावर सर म्हणाले, ‘परत लाव.’ मी परत लावली. तेही संपलं. मग ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, ‘काय म्हणतायत?’

अख्ख्या हॉलला सिनेमा सांगणारा माणूस! मी सांगितलं, ‘त्या म्हणतात, तुमचं बोलणं मला समजलं नाही, तुमच्या विद्यार्थिनीला समजलं. माझे आईवडील गेल्यापासून या भाषेत मला कुणी घरचं काही सांगितलेलं नाही. आज काय मासळी आणली, एवढंसुद्धा. तुम्ही सांगितलंत. त्या म्हणतात, बांगडा तळत जा. एकट्यासाठीसुद्धा.’

सरांनी कॅसेट काढून जपून डबीत ठेवली. मग म्हणाले, ‘बाई चांगल्या आहेत.’ आणि मग, ‘तू शिकलीस ते बोल बघू.’ मी बोलले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि हळूच हात वर केला. ‘छान आहे. अगदी त्या बाईंसारखं. आता आपलं बोल गो थोडं.’

मी तोंड उघडलं. आलं ते दिल्लीचं. मी थांबले, भाट्याची पुळण डोळ्यांसमोर आणली, कोळणीला ‘हो काऽऽ’ मनात म्हटलं, आणि पुन्हा बोलले. परत दिल्लीचंच आलं, स्वच्छ, बरोबर. पेन्सिल आपटून आपटून बाईंनी ते पुरतं काढून टाकलं होतं. सर वाट बघत होते. मी आणखी एकदा प्रयत्न केला आणि मला रडू आलं.

‘नाही येत ना?’ सर म्हणाले. ‘बरं झालं. पास होशील.’ मग जरा चाचरत विचारलं, ‘माझं बोललेलं तरी कळतं ना अजून?’

‘कळतं सर. सगळं कळतं.’

‘मग झालं तर,’ म्हणून त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि बोलायला लागले. वर्षभराचं. चाचींच्या धाकट्याचं लग्न ठरलं, प्राचार्य बदलले, भिंतीला भेग पडली. ते चिनीत बोलत होते आणि मी मराठीत ‘हो का’, ‘मग?’, ‘अय्या!’ करत होते. पुढे ते होते तोवर दर मे महिन्यात आम्ही असेच बसायचो. मी बोललेलं त्यांना कळायचं नाही, म्हणून चिनी बोलायचे ते एकटेच.

सर गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी पुढे चिनीच शिकवली. चीनला जाऊन आले, तिथली माणसं म्हणतात तुमचे उच्चार फार शुद्ध आहेत. पण त्या माणसांत बसून बोलत असताना मधूनच मला सरांचं काहीतरी ऐकावंसं वाटतं, अगदी पेजेतलं मीठ का असेना, आणि जीव कासावीस होतो. राजिवड्याची चिनी आता कुणी बोलत नाही. जगात ती कळणारी मी एकटीच उरले आहे, आणि मला ती बोलता येत नाही.